सूर धरायला माणूस हवा

"मावशी, आमच्या पॅकेजमध्ये लाइव्ह शहनाई आहे," असं म्हणून सेजलने मोबाईल माझ्यापुढे धरला. ही सेजल लग्नं जुळवत नाही, सजवते. मंडप, फुलं, फोटो, सगळं एका हाताने. फोटोत फेटा बांधलेला एक ऐटबाज माणूस उभा होता, हातात सनई, मागे झेंडूच्या माळा.

मी विचारलं, "सूर कोण धरतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा वाजवतो. त्याच्या बाजूला बसून सूर कोण धरतो?"

"ते ट्रॅकवर असतं मावशी. पेन ड्राइव्हवर." मग जरा जवळ सरकून म्हणाली, "खरं सांगू? सनईपण ट्रॅकवरच असते. हा नुसता फुंकल्यासारखं करतो. पण व्हिडिओत इतकं छान दिसतं ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग बाई, नवरा तरी खरा आणणार की तोही पेन ड्राइव्हवर?" असं मी म्हटलं. माझी मुलगी श्रद्धा आतून चहा घेऊन येत होती, तिने तिथूनच डोळे वटारले. सेजल बिचारी हसली, चहा प्यायली आणि फुलांचे दर ठेवून गेली. पोरगी वाईट नव्हती. तिला बापडीला काय माहीत की ती कोणाच्या घरात बसून हे बोलत होती.

माझा नवरा सूर धरायचा. नाव बाबुराव. आता घेते नाव, ते होते तेव्हा कधी घेतलं नाही. सनई वाजते तेव्हा बाजूला एक माणूस तसलंच एक वाद्य तोंडाला लावून बसलेला असतो, पाहिलं असेल तुम्ही. दिसायला सनईसारखंच, पण त्याची भोकं मेणाने बुजवलेली. त्यातून एकच आवाज निघतो, आणि तो थांबू द्यायचा नाही. त्यालाच सूर म्हणतात. सनईवाला वर जातो, खाली येतो, श्वास घ्यायला थांबतो, हा आपला तिथेच. लोक सनई ऐकतात, सूर कोणी ऐकत नाही. बंद पडला तरच माना वळतात.

यांचं गाव बांद्याजवळ. विसाव्या वर्षी मायनिंगच्या ट्रकवर कामाला म्हणून डिचोलीकडे आले आणि मयेत खोली घेऊन राहिले. तिथल्या देवळात गोकुळदास सनई वाजवायचा. हे काम सुटलं की आंघोळ करून तिथे जाऊन बसायचे. गोकुळदासचा सूरवाला म्हातारा झाला होता. गोकुळदासने एके दिवशी यांना विचारलं, "तुझी फुंक किती आहे रे?" तेव्हापासून चौतीस वर्षं. पुढे मायनिंग बंद पडलं, हे तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन म्हणून लागले, आम्ही इथे तुयेलाच घर बांधलं. पण लग्नाचा सीझन आला की रजा टाकून हे गोकुळदासच्या बाजूला हजर. माझ्या माहेरच्या कार्याला रजा मिळायची नाही, सुराला बरोबर मिळायची.

मी टोमणे मारायचे. "इतकी वर्षं झाली, त्याने तुम्हाला अजून दुसरा सूर शिकवला नाही?" हे म्हणायचे, "दुसरा वाजवायला गोकुळदास आहे."

खरं तर मला ते कधी लग्नात नीट ऐकायलाच मिळाले नाहीत. नेहमी दुसऱ्यांच्या मांडवात. एकदाच ऐकलं, यांच्याच बहिणीच्या, गंगाच्या लग्नात. आणि त्या दिवसाचा राग मी कितीतरी वर्षं मनात धरून होते. गंगा निघाली, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, मग भावाकडे आली. हे चटईवर बसलेले, गाल फुगलेले, डोळे कोरडे ठणठणीत. बहिणीने मिठी मारली तरी तोंडातला सूर काढला नाही. मी घरी येऊन म्हटलं, "दगडाला पाझर फुटेल, तुम्हाला फुटणार नाही."  भांडायला त्यांना कधीच जमलं नाही, त्यामुळे दोघांचं मलाच भांडावं लागायचं.

हे गेले त्याला चार वर्षं होतील. डिचोलीकडच्या एका लग्नातून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात प्राण सोडला. त्यानंतर मला घरात सगळ्यात जास्त काय खायला उठलं असेल तर दुपार. दुपारी जेवून हे जनेलाखाली, खिडकीपाशी, बसायचे. पाण्याचा ग्लास घ्यायचे, परसातल्या पपईच्या पानाचा देठ तोडून आणायचे, आतून पोकळ असतो तो, आणि त्यातून पाण्यात फुंकत राहायचे. बुडबुडे थांबता कामा नयेत. गालात वारा साठवायचा, तो बाहेर सोडता सोडता नाकाने नवीन आत घ्यायचा. हाच त्यांचा रियाझ. बुडबुड, बुडबुड, बुडबुड, तासभर. मी चिडायचे, मला झोप लागायची नाही. आता तो आवाज नाही, तरी झोप लागत नाही.

श्रद्धाचं लग्न ठरलं मोरजीच्या सिद्धेशशी. मुलगा चांगला, घरची माणसं चांगली. त्यांनी काही मागितलं नाही, मीही काही मागितलं नाही. मनात एवढं एकच होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात सूर धरला, त्याच्या मुलीच्या लग्नात तो सूर लागला पाहिजे. तेच वाद्य, आणि बाजूला गोकुळदासचीच सनई. यात मला तडजोड नको होती.

तुळशीचं लग्न झालं आणि मी मयेला गेले. वाजप, म्हणजे लग्नातले सनई-ढोल, सांगायचं म्हणजे आमच्याकडे फोन करून चालत नाही. घरी जाऊन नारळ आणि विडा ठेवायचा. वाजप्याने नारळ उचलून आत देवापाशी ठेवला की ठरलं. मग दुसरं कोणी कितीही मोठं असो, ती तारीख त्याला मिळत नाही. मी म्हापशाला बस बदलून तळ्याच्या फाट्यावर उतरले, उन्हातून चालत गेले. गोकुळदास ओटीवर बसला होता. सत्तरीचा झाला असेल. मला बघून उठला, स्वतः कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे ओढली.

"बसा वैनी. च्या घेता मगो?"

"चहा नंतर, भाऊ. श्रद्धाचं लग्न ठरलं. वाजप सांगायला आले." मी नारळ नि विडा त्या कदेलीवर ठेवला आणि खाली ओटीच्या कट्ट्यावर बसले.

तो नारळाकडे बघत राहिला. उचलला नाही.

"मी वाजवणं सोडलं, वैनी. बाबू गेला त्या दिवसापासून सनई बाहेर काढली नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर सांगायला आले. एकदाच काढा."

"सूर कोण धरणार?"

"माणूस शोधा. डिचोली तालुक्यात कोणी नाही का?"

"आहेत की. तसं तर मोबाईलमध्येपण आहे."  मग मान वर न करता बोलला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. चार वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय, धीर होत नाही. आज तुम्ही नारळ घेऊन आलात, म्हणजे आता सांगायलाच हवं."

आणि त्याने सांगितलं. सूरवाल्याचा एक नियम असतो, आपण होऊन थांबायचं नाही. सनईवाला त्याच्या गुडघ्यावर थाप देतो, तेव्हाच तोंडातून सूर काढायचा. त्या शेवटच्या लग्नात पाठवणीच्या वेळी गोकुळदासने भैरवी घेतली होती. मुलीकडची माणसं हलेनात, ऐकत उभी राहिली. गोकुळदासला रंग चढला. अर्धा तास, पाऊण तास. मध्ये यांनी दोनदा डावा हात छातीवर ठेवला.

"मी बघितलं," गोकुळदास म्हणाला. "मला वाटलं घाम पुसतोय. का खरं तर काहीच वाटलं नाही, मी माझ्या वाजवण्यात होतो. एक थाप दिली असती तर तो थांबला असता, वैनी. त्याने कधी नियम मोडला नाही. मी थाप दिली नाही."

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी उठले, पिशवी घेतली आणि चालू लागले.  मागून तो "वैनी, नारळ," असं काहीतरी म्हणाला. मी वळले नाही.  चार वर्षं मी देवाला शिव्या घातल्या, डॉक्टरला घातल्या, यांच्या बिडीला घातल्या. आणि हा माणूस यांच्या बाराव्याला माझ्या घरी जेवून गेला होता.

घरी येऊन श्रद्धाला म्हटलं, "बोलव त्या सेजलला. आणू दे तिला तिचा फेटेवाला."

श्रद्धा तुयेच्याच एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. बापासारखी, कमी बोलणारी. तिने काय झालं ते सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आई, गोकुळदासकाकांनी हे सांगितलं नसतं तर तुला कधी कळलं असतं का?"

"नसतं."

"मग त्यांनी का सांगितलं?"

मी तिला म्हटलं, मला अक्कल शिकवू नकोस. पण सेजलला फोन तिनेही केला नाही आणि मीही केला नाही.

त्याच आठवड्यात बांद्याहून माझे दीर विठूभाऊ आणि जाऊ यशोदा आली, याद्या करायला. कन्यादान ती दोघं करणार हे ठरलेलंच होतं. मी विधवा, माझा हात कसा लागणार. मीही वाद घातला नाही, श्रद्धाच्या संसाराला उगाच कोणाची कुजबुज चिकटायला नको. यशोदा मनाची चांगली आहे, पण तिला प्रत्येक गोष्टीची जागा ठरवून टाकायची सवय. हळद कोणी लावायची, करवली कुठे उभी राहील, ओटी कोण भरणार, सगळं ठरवलं. मी विचारलं, "आणि मी कुठे बसू?"

ती जरा अडखळली. "तू आत जेवणाकडे बघ गे. भायर आमी आसंव मां सगळी. मी काय तुका येव नको म्हणतंय? मुहूर्ताक ये, मागे बस. तुझा काय, तू पोरीची आवस, तू खंयपण बस."

कुठेपण बस म्हणजे कुठेच नको, हे मला पटकन कळतं.  ती दोघं गेल्यावर दुपारी जनेलाखाली यांच्या जागेवर जाऊन बसले आणि खूप रडले. मांडव माझ्या मुलीचा, आणि मला त्यात बसायला हातभर जागा नाही. यांना तरी होती. कुठल्याही परक्या मांडवात यांची जागा ठरलेली असायची, गोकुळदासच्या डाव्या हाताला, चटईवर.

डोळे पुसता पुसता हे मनात आलं आणि मी तशीच उठले. कपाटातून यांची पेटी काढली. हिरव्या खणात गुंडाळलेला सूर चार वर्षांनी उघडला. तोंडाकडची फुंकायची पत्ती सुकून गेली होती. ओठात धरून ओली केली आणि फुंकलं. फस्स. नुसती हवा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा मी यांना एकदा म्हटलं होतं, "यात काय मोठंसं? बुडबुडे तर काढायचे." हे म्हणाले, "काढ मग." मी दुसरा ग्लास घेतला, दुसरा देठ तोडून आणला आणि समोर बसले. माझे बुडबुडे लगेच थांबले. मी हट्टी, मी रोज बसले. त्या सबंध पावसाळ्यात आम्ही दोघं दुपारी समोरासमोर बसून पाण्यात फुंकायचो, कोण आधी थांबतं ते बघायला. शेजारची कमलाक्षी म्हणायची, तुम्हा दोघांना वेड लागलंय. मला जमलं होतं ते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हे कधी हरले नाहीत, मुद्दामसुद्धा नाही. मग श्रद्धा झाली आणि तो खेळ राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर मेजावर पाण्याने भरलेला ग्लास होता आणि बाजूला पपईच्या पानाचा ताजा देठ. रात्री उघडी राहिलेली पेटी श्रद्धाने पाहिली असावी, ती ड्युटीवर निघून गेली होती.

आठ दिवस फुंकलं आणि नवव्या दिवशी मयेला गेले. ओटीवर पाय ठेवला तर कदेलीवर माझा नारळ तसाच. विडा सुकून काळा पडला होता. गोकुळदासची सून बाहेर आली, हळू आवाजात म्हणाली, "आत नेऊ देत नाहीत, परत पाठवूही देत नाहीत. त्या कदेलीवर कोणाला बसू देत नाहीत."

तो बाहेर आला. मी आधी चार शब्द सुनावले. ते मी इतके दिवस जमवून ठेवले होते, वाया कशाला घालवू. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग मी पेटी उघडली, सूर तोंडाला लावला. निघाला आवाज, पण काय आवाज, म्हशीचं रेडकू अडकल्यासारखा. अर्ध्या मिनिटात तुटला. परत लावला, परत तुटला.

"वैनी," तो म्हणाला, "गाल इतके फुगवू नका. आणि पत्ती दाताला लावू नका, ओठात धरा."

"असं?"

"असं. आता डोळे मिटा. लोकांकडे बघायचं नाही."

तिसऱ्यांदा दोन मिनिटं राहिला. मी सूर काढला तेव्हा तो उठून उभा होता. त्याने कदेलीवरचा नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि आत देवापाशी नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाला, "आता च्या घ्या."

पुढचे अडीच महिने दर रविवारी मी मयेला जात होते. त्याचा पुतण्या दत्तप्रसाद, कदंबच्या बसवर कंडक्टर आहे, तो सुट्टी असली की ढोल घेऊन यायचा. गोकुळदासची सनईसुद्धा गंजली होती, पहिले दोन रविवार तोच जास्त चुकला. माझ्या गुडघ्याला हात कसा लावणार, म्हणून त्याने चटईवर थाप द्यायची असं ठरलं. पण तो मला धड वाजवूच देईना. सूर जरा लागला, वाजप जरा रंगलं की आपटलाच हात चटईवर. "पुरे वैनी, दम घ्या." मी चिडायचे. "भाऊ, मला धाप लागली तर मी सांगेन ना." तो म्हणायचा, "बाबूने सांगितलं नव्हतं."  मीसुद्धा तेव्हा त्याला पुरतं माफ केलं नव्हतं. चहा प्यायचे, पण माफ केलं नव्हतं.

सूर धरताना एक गोष्ट मात्र मला दुसऱ्याच महिन्यात कळायला लागली, ती मी कोणाला बोलले नाही. आवाज नीट लागला की हे बाजूला येऊन बसतात. दिसत नाहीत, बोलत नाहीत, तसेही कुठे बोलायचे. पण असतात. आवाज थांबला की नसतात. घरी येताना बसमध्ये मला इतकी आठवण यायची की छाती दुखायची, आणि तरी मी पुढच्या रविवारची वाट बघायचे.

लग्नाच्या दिवशी मी जांभळं लुगडं नेसले आणि हॉलमध्ये वाजपाच्या चटईवर जाऊन बसले, गोकुळदासच्या डाव्या हाताला. यशोदा ओटीचं ताट घेऊन चालली होती, ती थबकली. "वत्सला, ह्या काय गे?"

"तूच म्हणालीस ना, कुठेपण बस."

तिने विठूभाऊंकडे बघितलं, त्यांनी भटजींकडे बघितलं. भटजी वयस्कर होते, त्यांनी माझ्या मांडीवरचं वाद्य ओळखलं. "हे बाबूचं ना?" एवढंच विचारलं आणि अंतरपाट मागवला. वाजपाच्या चटईवर कोणी बसावं याचा नियम कोणी केलेलाच नव्हता. त्या जागेसाठी कधी कोणी भांडलंच नव्हतं.

मंगलाष्टकं चालू असताना वाजप्यांनी गप्प बसायचं असतं. भटजी शेवटचं सावधान म्हणून हात वर करतात, मग आधी सूर लागतो आणि त्यावर सनई येते. म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नाचा पहिला आवाज मी काढायचा होता. हात वर झाला. मी डोळे मिटले. लागला. पत्ती दाताला लागली नाही, काही नाही, सरळ लागला. गोकुळदासने सनई उचलली तेव्हा त्याचा पहिला स्वर कापला, माझा नाही. टाळ्या वाजत होत्या, अक्षता माझ्या केसांत पडत होत्या, आणि हे बाजूला होते.

मध्ये एकदा मी डोळे उघडले. श्रद्धा हारासकट वळून माझ्याकडेच बघत होती. सिद्धेशपण बघत होता. मोरजीची मंडळी मोबाईल वर करून आमच्याकडे बघत होती. फुलांपुरती बोलावलेली सेजल कमानीपाशी उभी राहून तोंडावर हात धरून ऐकत होती.

जेवणं झाली. उन्हं कलली तशी पाठवणीची गाडी हॉलच्या दाराशी लागली. गोकुळदास मला म्हणाला, "वैनी, आता तुम्ही उठा. तुम्ही आई आहात. मी नुसत्या ढोलावर भागवतो."

"भैरवी घ्या," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. "वैनी."

"भैरवी घ्या, भाऊ."

मी सूर लावला, म्हणून त्याला घ्यावी लागली. श्रद्धा एकेकाच्या पाया पडत आली. यशोदाच्या गळ्यात पडून रडली, विठूभाऊंच्या, शेजारच्या कमलाक्षीच्या. मग माझ्याकडे आली, चटईवर गुडघे टेकून बसली आणि मला मिठी मारली. तिचा खांदा हुंदक्यांनी हलत होता. माझ्या आत सगळं भरून आलं, गळ्यापर्यंत आलं, आणि तिथेच अडलं. रडायला श्वास लागतो. माझा सगळा श्वास सुरात होता. रडले असते तर तो तुटला असता, आणि तो तुटला असता तर तिचा बाप त्या हॉलमधून उठून गेला असता. तिने चेहरा मागे घेतला आणि माझ्या फुगलेल्या गालावर तळहात ठेवला. मला गंगा आठवली. यांचे ते कोरडे डोळे आठवले. इतकी वर्षं मी त्या माणसाला दगड म्हणत होते.

श्रद्धा उठली, गाडीत बसली. गोकुळदासने चटईवर थाप दिली.

मी थांबले नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं, परत थाप दिली, जोरात. सनई तोंडातून काढली. "वैनी, पुरे. वैनी, थांबा." दत्तप्रसादचा ढोलही थांबला. आता हॉलमध्ये एकच आवाज होता आणि तो माझा होता. गाडी फाटकातून बाहेर गेली, काजूच्या झाडापाशी वळली, मागची फुलं दिसत होती तोवर मी दम सोडला नाही, आणि दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ सोडला नाही. छाती दुखत होती. थांबावंसं वाटतच नव्हतं. थांबले की हे जाणार होते, मला पक्कं ठाऊक होतं.

मग तो आपोआप संपला. मी सूर मांडीवर ठेवला.

गोकुळदास माझ्याकडे बघत होता. घाबरून गेला होता. थाप दिलेला हात अजून चटईवरच होता. 

"भाऊ," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही थाप दिली असतीत ना, तरी हे थांबले नसते."

त्याने तो हात उचलून डोळ्यांवर धरला. माझ्याही आतलं अडलेलं तेव्हाच सुटलं. यशोदा धावत पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या चटईवर बसून रडत होतो. मुलगी गेली म्हणून रडतेय असं समजून ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी तिला फिरवू दिला.